फलकाच्या मागच्या बाजूची चित्रं

मागच्या मोर्चात तुम्ही धरलेला फलक आता कुठे आहे?

मोर्चाला गेलाच नसाल तर तो वेगळा विषय आहे, त्यावर मी स्वतंत्र पत्रक काढेन. पण गेला असाल, तो मोर्चा आमच्या नंदुरबार जिल्ह्यातला असेल, आणि तुमचा फलक जाड, दुधी रंगाच्या, कडा खरखरीत असलेल्या कागदाचा असेल, तर मला त्या फलकात रस आहे. घोषणेत नाही. घोषणा मला माहीत आहे. मला त्याची मागची बाजू बघायची आहे.

मी लिथोग्राफ गोळा करते, म्हणजे दगडावर काढून छापलेली चित्रं. त्यातही एकाच प्रकारची: चिनी शाई-कुंचल्याची रीत आणि युरोपातली अमूर्त चित्रकला ज्यांत एकत्र आल्या आहेत अशी. हे वाक्य मी अक्कलकुव्यात आमच्या संघटनेच्या कार्यालयात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा तिथे बसलेल्या बायकांपैकी एकीने मला उठून पाण्याचा तांब्या दिला.

आई त्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. मूळची नवापूरकडच्या डोंगरातली, शेतकरी ख्रिस्ती घरातली. वनजमिनीच्या हक्काच्या कामासाठी अक्कलकुव्याला आली आणि राहिली. आमच्या दोन खोल्या होत्या. पुढची कार्यालय, मागची घर. पत्रकं दोन्हीकडे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. स्वतःचं स्वतः वाचलेला माझा पहिला शब्द ‘धिक्कार’. शाळेत बाईंनी ‘ध’वरून शब्द विचारला तेव्हा बाकीच्या मुलांनी धनुष्य सांगितलं.

घरात नियम एकच होता. ज्या कागदाची एक बाजू कोरी आहे तो कागद रद्दी नाही. माझी गणितं पत्रकांच्या पाठीवर, किराणा पत्रकांच्या पाठीवर, बैठकीचं इतिवृत्तही तिथेच. एका कार्यकर्तीच्या लग्नाची पत्रिका उलटली की पाणीटंचाईचा निषेध दिसायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट दोन-तीन पाहुणे लग्नात निवेदनाची प्रत मागत होते.

मी दुसरी-तिसरीत असताना आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आली. सीमेपलीकडे गुजरातेत एक युरोपी जोडपं बांधबंदिस्तीचं काम शिकवायला राहत होतं. ते कायमचे मायदेशी निघाले आणि जाताना सामान वाटून टाकलं. आमच्या वाट्याला दोन घोंगड्या, एक स्टोव्ह, सायकलचा पंप आणि दोन पुठ्ठ्यांच्या मधे दाबून ठेवलेले आठ मोठे कागद आले. सोबत चिठ्ठी नव्हती, काही सांगणारंही कुणी नव्हतं. पेटी ट्रकवाल्याने उतरवली आणि तो गेला.

आईने प्रत्येक कागद उजेडात धरून दोन्हीकडून पाहिला आणि निकाल दिला.

“एका बाजूला रंग सांडलेत. दुसरी चांगली आहे.”

रंगाच्या बाजूला खाली पेन्सिलीने काही आकडे आणि एक सही होती. ते गठ्ठ्याचे नंबर असावेत असं सर्वानुमते ठरलं. त्या आठवड्यात नंदुरबारला मोर्चा होता. बायकांनी जमिनीवर बसून कोऱ्या बाजूला लाल रंगाने घोषणा लिहिल्या आणि बांबूच्या कामट्या चुकांनी ठोकल्या. कागद वाऱ्याला वाकत नव्हता. आईने आयुष्यात ज्या थोड्या वस्तूंचं कौतुक केलं, त्यात तो कागद आहे.

मोर्चात मला मागे ठेवलं होतं, कारण मी उंचीने लहान होते आणि पुढे पोलीस होते. माझ्या पुढे धडगावकडच्या एका पाड्यावरच्या मावशी चालत होत्या. त्यांच्या फलकावर जमिनीच्या हक्काचा कागद मागितला होता: ‘पट्टा द्या, तारीख नको.’ ते पुढच्यांना दिसत होतं. मला मागची बाजू दिसत होती.

वर काळसर निळा रंग, कुणीतरी ओल्या हाताने पसरवल्यासारखा. मधे मोठी पांढरी जागा, पूर्ण रिकामी. त्या पांढऱ्याच्या कडेने बारीक काळ्या रेघा. जाळून झाल्यावर राखेत काटक्यांचा आकार उरतो तशा. खाली तांबूस. कोपऱ्यात एक छोटा लाल चौकोनी शिक्का. आधी मला वाटलं हा धुक्यातला घाट आहे. थोडं चालल्यावर वाटलं नर्मदेचं पाणी. कलेक्टर कचेरी येईपर्यंत ते कशाचंच चित्र राहिलं नव्हतं आणि तरी मी त्याच्याकडेच बघत होते. घोषणांना उत्तर देत होते, त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण मावशींच्या टाचेवर माझा पाय किती वेळा पडला ते त्यांनाच माहीत.

मोर्चा संपला की फलक ज्याचा त्याने घरी न्यायचा ही आमची पद्धत आहे. कार्यालयात जागा नसते. शिवाय पुढच्या वर्षी तोच लागतो. मागणी बदलत नाही, त्यामुळे फलकही बदलावा लागत नाही. आठ फलक आठ पाड्यांवर गेले आणि मी मोठी झाले.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी पत्रकं वाटायला बडोद्याला गेले होते. चित्रांच्या प्रदर्शनाबाहेर उभी होते, कारण तिथे गर्दी होती. दुपारी ऊन असह्य झालं आणि आत गारवा आहे असं दारातूनच कळत होतं. प्रदर्शनातल्या चित्रांना माझा तत्त्वतः विरोध होता, म्हणून मी कशाकडेही न बघता आतल्या भिंतीपर्यंत गेले. तिथे काचेच्या फ्रेममधे मावशींचा फलक टांगलेला होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मावशी कुठे आहेत?

मी फ्रेम भिंतीपासून किंचित ओढून मागे डोकावले. रखवालदार धावत आला.

“ओ बेन! क्या कर रही हो?”

“पीछे क्या लिखा है वो देख रही हूँ.”

“पीछे कुछ नहीं होता.”

“हमारे यहाँ होता है.”

हा वाद ऐकून एक मुलगी आली. ती तिथल्याच कला महाविद्यालयात छापचित्रण शिकत होती आणि सुदैवाने मराठी होती. पुढे ती माझी मैत्रीण झाली. तिने रखवालदाराला शांत केलं आणि मला समजावलं. हे लिथोग्राफ आहे. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग दगड ओला करून त्यावर छपाईची तेलकट शाई फिरवतात. शाई तेलाला धरते, पाण्यापासून लांब राहते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकेक रंग नेमका बसवायचा. अशा थोड्याच प्रती काढतात, म्हणून खाली पेन्सिलीने प्रतीचा आकडा आणि चित्रकाराची सही. चित्रकार चीनमधला, लहानपणापासून कुंचला धरलेला. तरुणपणी युरोपात जाऊन राहिला आणि तिथे त्याच्या हाताला दगड लागला.

तेल आणि पाणी हे ऐकून मी चमकले. आमची पत्रकं नंदुरबारला ज्या ऑफसेटवर छापली जातात, ते मशीनही याच तत्त्वावर चालतं. दगडाच्या जागी पातळ पत्रा, एवढाच फरक. म्हणजे ही चित्रं आणि माझी पत्रकं चुलत बहिणी निघाल्या. माझा तत्त्वतः विरोध तिथे थोडा अडचणीत आला.

“ही मधली जागा रिकामी का ठेवली?” मी विचारलं.

“ती राहून गेलेली नाही. चिनी चित्रात रिकामी जागासुद्धा काढलेलीच असते.”

आमच्या पत्रकात समासातही मागणी असते. जागा उरली तर आई छापखान्यात फोन करून आणखी एक मागणी सांगते.

“आणि हे चित्र कुणाच्या बाजूचं आहे?”

मैत्रिणीने माझ्याकडे नीट पाहिलं. “कुणाच्याच नाही.”

ते मला तेव्हा पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण प्रदर्शन बंद होईपर्यंत मी तिथे उभी होते आणि उरलेली पत्रकं वाटायची राहिली.

घरी येऊन मी आईला सांगितलं.

“आई, त्या फलकांच्या मागे रंग सांडलेले नव्हते. चित्रं होती ती. दगडावरून छापलेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड.”

“एवढे दगड फोडायला मजूर किती लागले?”

“दगड फोडत नाहीत. एक चित्र झालं की घासून परत वापरतात.”

“मग बरोबरच आहे,” आई म्हणाली. “आम्हीही परत वापरले.”

“आई, लोक ती चित्रं काचेत ठेवतात.”

“काचेत ठेवून काय झालं? आमची निदान मोर्चात चालली.”

तिच्याशी वाद घालताना मी बहुतेक वेळा हरते, कारण वाद घालायला मला तिनेच शिकवलं आहे. शेवटी तिने एका अटीवर परवानगी दिली. घोषणा कमी होता कामा नये. एक फलक आणायचा तर त्या घरी त्याच घोषणेचा दुसरा फलक द्यायचा.

म्हणून माझ्या संग्रहाची सुरुवात प्लायवूडपासून झाली. अक्कलकुव्यातल्या मारवाड्याच्या दुकानातून मी प्लायवूडचे तुकडे आणले आणि नंदुरबारहून आलेल्या एका बोर्ड रंगवणाऱ्या दादांकडे दिले. ते अहिराणी बोलणारे, बायकोचं माहेर अक्कलकुव्याचं म्हणून इथे राहिलेले.

“काय लिखनं शे?” त्यांनी विचारलं.

“जुनंच. हे घ्या, या पत्रकावरचं.”

त्यांनी वाचलं. “हाई तं मी धाकला व्हतू तव्हाबी हाईच व्हतं. मंग पत्रावर लिखी टाक ना, पोरी. लाकूड सडी जाई.”

मी आईला हे सांगितलं. तिने पत्र्याचा खर्च विचारला आणि विषय संपला.

मग मी पाड्यापाड्यांवर हिंडले. पहिला फलक धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून होता. दुसरा एका पडक्या बालवाडीच्या खिडकीला. तिसरा सापडला तो वाळवीने अर्धा खाल्लेला. वाळवीने घोषणा तशीच सोडून चित्राकडूनच पोखरायला सुरुवात केली होती. आई म्हणाली, वाळवीला समजतं. नवापूरकडच्या एका घरात मात्र चित्राची बाजू पुढे होती. दर नाताळला ते लोक अंगणात गव्हाणी मांडतात आणि तिच्यामागे आकाश म्हणून हा कागद लावतात. त्यांचा जमिनीचा दावा मंजूर झालेला होता, त्यामुळे घोषणेची गरज उरली नव्हती. कागद देताना घरातल्या बाई एवढंच म्हणाल्या, “मग आता आकाश कुठून आणायचं?” मी त्यांना निळा पडदा नेऊन दिला. त्यांना तो फार आवडलेला नाही.

असे सहा जमले. कामट्यांच्या चुकांची भोकं, घामाचे डाग, रंगाचे ओघळ. बडोद्याची मैत्रीण बघायला आली तेव्हा तिने पेटी उघडली आणि एकेक कागद उजेडात धरला. मग भोकं मोजू लागली. मी तिला थांबवलं.

सातवा कुठे आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. निळा-काळा, मधे पांढरा. मावशींचा.

धडगावपर्यंत जीप, तिथून दुसरी जीप, पुढे चढ. मावशींच्या घरात फलक चुलीच्या वरच्या भिंतीला टांगलेला होता. घोषणा बाहेर, चित्र कुडाकडे. मावशी घरात पावरी बोलतात, माझ्याशी अर्धी पावरी आणि अर्धी मोर्चातली मराठी. मी इथे सगळं मराठीत लिहिते आहे.

“ताईची पोर ना तू?” त्या म्हणाल्या. “टाचेवर पाय देणारी?”

“हो. मावशी, तुमच्यासाठी नवा फलक आणलाय. पावसात भिजला तरी चालतो.”

त्यांनी प्लायवूड एका हाताने उचलून पाहिलं. “जड आहे. नंदुरबारला पोचेपर्यंत हात गळून पडेल. तू धरणार का?”

“धरेन. जुना मला द्या.”

“पट्टा आणलास?”

“नाही.”

“मग काय बघून मागतेस?”

मी त्यांना दगड, तेल, पाणी, चीन, युरोप हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदा उठून कोंबडी हाकलली. मग मला फलकाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करून दाखवलं. घोषणा लिहून झाल्यावर डब्यात उरलेल्या लाल रंगात त्यांनी अंगठा बुडवून तिथे उठवला होता.

“कचेरीत मी अंगठे दिले ते सगळे त्यांच्याकडे राहिले,” त्या म्हणाल्या. “त्यातला एकही मला परत दिसला नाही. हा एक माझ्याजवळ आहे.”

चित्रकाराचा लाल शिक्का त्या बाजूला, मावशींचा अंगठा या बाजूला, जागा जवळपास तीच. यावर मी लगेच पत्रक लिहायला घेतलं होतं. आईने पहिला परिच्छेद वाचला आणि विचारलं, यात मागणी कुठे आहे? तिथेच ते राहिलं.

“पट्टा आण,” मावशी म्हणाल्या, “आणि फलक ने. मग मला काय करायचाय?”

सौदा सरळ होता. मी त्यांच्या दाव्याच्या मागे लागले. मावशींच्या घरचे नवऱ्याच्या आधीपासून, सासऱ्याच्या वेळेपासून तीच जमीन कसतात. मोजणी झाली होती, पण नकाशात त्यांचा तुकडा नाल्याच्या पलीकडे पडला होता, जिथे नुसते खडक आहेत. खडकांवर कुणाचाच ताबा सिद्ध होत नाही, म्हणून दावा परत आला होता. मी पुन्हा मोजणी मागितली, ग्रामसभेचा ठराव मिळवला, म्हाताऱ्या माणसांचे जबाब गोळा केले. सुनावणी लागली, पुढे गेली, पुन्हा लागली. चित्रं गोळा करणाऱ्यांना हे सगळं करावं लागतं असं बडोद्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मैत्रीण फोन करत राहिली.

“अगं, चुलीवर आहे तो! धूर, ओल. शाईचा थर सुटला की मग काही करता येणार नाही. निदान पावसाळ्यापुरता तरी घेऊन ये.”

“त्या देणार नाहीत.”

“मग समजाव ना.”

“काय समजावू? त्यांचं म्हणणं बरोबर आहे.”

“चित्राचं म्हणणं कोण ऐकणार?”

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. तो बरेच दिवस माझ्यासोबत जीपमधून फिरला. मी प्लास्टिकचं आवरण घेऊन गेले. घोषणा दिसतेय ना, मग घाल, असं मावशी म्हणाल्या. मैत्रीण म्हणाली प्लास्टिकमधे ओल कोंडते, आधी काढ ते. मी परत जाऊन काढलं. मग मावशींनी माझ्यावर दया येऊन फलक चुलीवरून समोरच्या भिंतीला हलवला. तिथे त्यांच्या सुनेचा आरसा होता, त्यामुळे सून माझ्यावर रागावली.

कदाचित त्या आरशासाठीच असेल, मागच्या खेपेला सून म्हणाली, “सासू शेतावर गेलीय. घेऊन जा हे. मी सांगेन वाळवी लागली म्हणून.”

मी फलक खिळ्यावरून काढला आणि अंगणात नेला. लहानपणच्या त्या मोर्चानंतर मावशींचं चित्र मी उजेडात इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. निळा मळला होता. पांढऱ्या जागेत एका बाजूने धुराचा तपकिरी डाग शिरला होता, आणि काळ्या रेघांपैकी एक जरा उचलली होती. नखाने निघाली असती. तरीही ते बडोद्याच्या काचेतल्या प्रतीपेक्षा चांगलं होतं. हे मी आकसाने म्हणत नाही. दोन्ही पाहिलेली मी एकटीच आहे, त्यामुळे माझा शब्द धरावा लागेल.

खाली जाणारी जीप सुटायची होती. सुनेने बांधायला जुनी साडीसुद्धा आणून दिली. माझ्या खांद्याला पिशवी होती. कसणाऱ्याच्या नावावर जमीन न करता तिथली वस्तू उचलून नेणाऱ्यांविरुद्ध आम्ही इतकी पत्रकं काढली आहेत, की त्यातलं एखादं तरी पिशवीत असणार असं मला वाटलं. बघितलं तर होतंच. शिवाय ते मीच लिहिलेलं होतं.

मी फलक परत खिळ्याला लावला. घोषणा पुढे आहे ना ते पाहिलं आणि आरसा शेजारी बसेल अशी जागा केली. सून म्हणाली, “ताईची पोर शोभतेस.” ते कौतुक नव्हतं.

मावशींची सुनावणी पुन्हा लागली आहे. त्याच्या आदल्या दिवशी नंदुरबारला मोर्चा आहे आणि मावशी जुना फलक घेऊन येणार आहेत, धुळीतून आणि उन्हातून. प्लायवूड त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं. मैत्रिणीला मी हे कळवलं. तिने फोनवर मोठा श्वास सोडला आणि विचारलं, मोर्चा किती वाजता आहे? तीही येणार आहे. ती चित्राच्या काळजीने येते आहे, पण मोर्चात माणसं मोजताना ते विचारत नाहीत.

आठवा कागद अजून सापडलेला नाही. तो कुठल्या पाड्यावर गेला ते कुणालाच आठवत नाही. म्हणून ही विनंती.

घरातला जुना फलक काढा आणि उलटा करून बघा. रंग पसरलेले दिसले, कोपऱ्यात लाल शिक्का आणि खाली पेन्सिलीचे आकडे असले, तर तो धुऊ नका, दुमडू नका, त्यावर नवं काही लिहू नका. तुमचा पट्टा हातात आला असेल तर अक्कलकुव्याच्या कार्यालयात निरोप ठेवा; मी प्लायवूड घेऊन येते. पट्टा आला नसेल तर फलक मला देऊ नका. मी कितीही गोड बोलले तरी देऊ नका. चुलीपासून लांब टांगा आणि मोर्चाला घेऊन या. फलक नसेल तर रिकाम्या हाताने या. फक्त मावशींच्या अगदी मागची जागा तेवढी मोकळी सोडा. तिथे मी चालणार आहे.